डांबराखालचा भोंगा

ऐकायच्या सळईचं एक टोक जमिनीवर टेकवायचं आणि दुसरं कानाला लावायचं. मध्ये माणसाच्या छातीएवढं उंच पोलाद. कानाच्या टोकाला लाकडाची छोटी वाटी असते. ती कानावर दाबायची, दुसरा कान बोटानं बंद करायचा आणि श्वास रोखायचा. पाइपातून पाणी नीट वाहत असेल तर फारसं काही ऐकू येत नाही. गळत असेल तर कुणीतरी ‘शूऽऽ’ करून आपल्यालाच गप्प बसवतंय असं वाटतं.

मी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात कनिष्ठ अभियंता आहे. माझं काम गळती शोधायचं. आता त्यासाठी यंत्रही मिळतं, पण आमच्या खात्याकडे एकच आहे आणि ते बहुतेक वेळा स्वतःच दुरुस्तीला गेलेलं असतं. शिवाय सळईवर माझा जीव आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आले तेव्हा मुकादम म्हणाले, "काय मॅडम, कान विसरला असेल आता तुमचा." झालं होतं उलटंच. बाळंतपणानं माझे कान तिखट झाले होते. शेजारच्या खोलीत मुलीनं कूस बदलली तरी मला झोपेत कळायचं.

मुलीचं कागदावरचं नाव चांगलं तीन अक्षरी आहे, पण घरात ती भोंगा. हे नाव तिच्या बापानं पाडलं. दवाखान्यातून घरी आणली त्या दिवशी तिनं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे आजोबा कारखाना सुटला की काय म्हणून घड्याळ बघायला उठले, असं तो येईल त्याला सांगायचा. भूक लागली की भोंगा, झोप आली की भोंगा, अंघोळीचं पाणी अंमळ गार असलं की भोंगा. सासूबाई म्हणायच्या, "रडू दे गं, फुप्फुसं मोठी होतात." तेव्हा मी वैतागायचे. एकदा तर दाराआड उभी राहून ‘गप गं बाई, क्षणभर तरी गप’ असं पुटपुटलेसुद्धा. सगळ्याच आया पुटपुटतात.

कामावर रुजू होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा टेलरबाईंची तक्रार आली.

टेकडीवरच्या टाकीपासून उतरत येणारा तो रस्ता. एका बाजूला दुकानांची जुनी ओळ: चष्मेवाला, फोटोला चौकटी करून देणारा, एक कायमचं बंद शटर आणि शेवटी टेलरबाईंचं दुकान. समोर नुकताच डांबर टाकलेला रस्ता, काळा, गुळगुळीत, ऊन चढलं की तेलकट वास सोडणारा. बाईंच्या गळ्यात टेप आणि ओठांत टाचण्या. टाचण्या न काढता बोलायची त्यांची हातोटी.

"माझी रिळं रस्त्याकडे पळतात," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मस्करी आहे. त्यांनी दोऱ्याचं एक रीळ कापायच्या टेबलावर आडवं ठेवलं. ते जरा थांबलं, विचार केल्यासारखं, आणि मग घरंगळत रस्त्याच्या बाजूच्या कडेवरून खाली पडलं.

"आधी आत भिंतीकडे जायची. रस्ता नवा झाला आणि यांची फितुरी सुरू झाली. रस्तेवाल्यांना सांगितलं, तर ते म्हणाले टेबलाचा पाय तासून घ्या."

"मग?"

"घेतला तासून. आता तिरकी पळतात."

दुपारची वेळ होती. घराघरातल्या टाक्या भरून नळ बंद झाले, की मुख्य पाइपात दाब असतो पण वर्दळ नसते. ऐकायला तीच वेळ बरी. मी दुकानापासून चार हातांवर सळई टेकवली. शूऽऽ स्पष्ट होतं. पाइपाचा सांधा सुटलेला, पाणी जोरात बाहेर पडत होतं. मी खडूनं फुली मारली. सळई उचलणार, तेवढ्यात त्या शूऽऽच्या खाली आणखी काहीतरी होतं असं वाटलं. पुन्हा कान लावला.

बाळाचं रडणं होतं. आधी छोटे छोटे हुंदके, मग एक लांब ओढ, आणि त्या ओढीच्या मधोमध कापड टरकावं तशी एक चीर.

भुकेलं रडणं कुठल्याही मुलाचं सारखंच असतं, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी म्हणावं. माझं मन काही ठरवायच्या आत माझ्या अंगात दूध उतरलं होतं. कामाच्या जाकिटाखाली कुर्ता ओला झाला. भर रस्त्यात, हातात सळई घेऊन मी तशीच उभी राहिले आणि मग घरी फोन लावला.

"खेळतेय की," सासूबाई म्हणाल्या. "आज काय शहाणी झालीये म्हणून सांगू. भरवायला उशीर झाला तरी हूं नाही की चूं नाही."

पाइप आवाज लांबवर वाहून नेतात. वरच्या गल्लीत कुणी नळाला हात घासला तरी खाली ऐकू येतं. मी टेलरबाईंना विचारलं, इथे कुणाकडे तान्हं मूल आहे का.

"या ओळीत राहतंय कोण? शटरं खाली गेली की इथे उंदीरसुद्धा मुक्कामाला नसतो." त्यांनी एक टाचणी ओठांतून काढली. "का हो?"

"सहज," मी म्हटलं.

कार्यालयात परत जाऊन मी साहेबांना सांगितलं की रस्ता उघडावा लागेल. आमचे साहेब तसे भले माणूस. मी मुलीला पाजायला जाते म्हणून लवकर निघाले तर न बघितल्यासारखं करायचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तो रस्ता हमीत आहे. नवा आहे. कंत्राटदाराची हमी संपेपर्यंत रस्तेवाले कुदळ लावू देणार नाहीत."

"साहेब, पाणी नुसतं गळत नाहीये. शेजारून सांडपाण्याची जुनी वाहिनी जाते. ती फुटकी असणार. पाणी माती धुऊन त्या वाहिनीत लोटतंय. खाली पोकळी होतेय. बाईंचं टेबल आत्ताच कललंय."

खड्डा वरून पडतो असं लोकांना वाटतं. तो खालून वर येतो. कणाकणानं माती निघून जाते आणि डांबर मात्र दुधावरच्या सायीसारखं तसंच तरंगत राहतं. सायीवर माशी बसली तरी काही होत नाही. एक दिवस तिच्यावरून बस जाते.

"मी पत्र पाठवतो," साहेब म्हणाले, आणि त्यांनी खरंच पाठवलं. रस्तेवाल्यांनी ते सांडपाणीवाल्यांकडे पाठवलं. सांडपाणीवाल्यांनी लिहिलं की आमची वाहिनी जुनी असली तरी वाहते आहे, सबब तक्रारीचा संबंध पाणीपुरवठ्याशी दिसतो. म्हणजे पत्र फिरून आमच्याच दारात.

"पाइप आपला, वाहिनी त्यांची, डांबर तिसऱ्यांचं," मी म्हटलं. "मग मधली माती कुणाची?"

साहेब कसनुसं हसले. "मातीचं खातं अजून निघायचंय."

दरम्यान रस्तेवाल्यांची माणसं येऊन दबलेल्या जागी डांबराचा एक थर देऊन गेली. माझी खडूची फुली त्याखाली गेली. मी नव्या डांबरावर पुन्हा मारली.

त्या रस्त्यावर माझ्या खेपा वाढल्या. काम होतंच, पण कामासाठी एवढ्या खेपा लागत नाहीत. दुसऱ्यांदा खाली हसू होतं. भोंगा हसली की शेवटी तिला उचकी लागते आणि त्या उचकीचंच तिला पुन्हा हसू येतं. ती उचकीही होती. संध्याकाळी घरी गेले तर सासूबाई तिला पोटाशी गुदगुल्या करत होत्या. भोंग्याचं तोंड उघडं, डोळे मिटलेले, खांदे गदगदा हलत होते. आवाज नव्हता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"गुणाची झालीये," सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं. जरा वेळानं, "तू कामाला जायला लागल्यापासून," असं जोडलं, आणि मग लगेच, "तसं नाही म्हणत मी," हेही.

"भोंग्याची बॅटरी उतरली," नवरा म्हणाला. तो हसवायचा प्रयत्न करत होता. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. घसा उत्तम, कान उत्तम, वजन वयाला साजेसं. डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी खुळखुळा वाजवला, भोंग्यानं झटकन मान वळवली. "काही मुलं मध्येच गप्प होतात. नवीन काहीतरी शिकत असतात तेव्हा. वाट बघा."

आम्ही वाट बघितली. घर इतकं शांत झालं की खालचे आजोबा एकदा वर आले आणि दारातूनच विचारून गेले, "सगळं ठीक आहे ना? नाही, आवाज नाही म्हणून."

दवाखान्यातून येताना एकदा मी तिला कडेवर घेऊनच टेलरबाईंच्या दुकानाशी थांबले. हे मी का केलं, विचारू नका. सळई गाडीत होती. बाईंनी भोंग्याला पायरीवर मांडीत घेतलं आणि तिच्या हातात लाकडी रीळ दिलं. मी फुलीवर सळई टेकवली.

भोंग्यानं रीळ आपटलं, पाय झाडले आणि तोंड उघडलं. ‘ब्बा, ब्बा, ब्बा’ अशी तिच्या ओठांची उघडझाप. पायरीवर शांतता. वाटीत, माझ्या कानात, डांबराच्या खालून: ब्बा, ब्बा, ब्बा.

मी कान काढला. तिचे ओठ हलत होते, बाकी काही नाही. कान लावला. आवाज. ती थांबली की तो थांबत होता. तिनं थुंकीचे बुडबुडे काढले, ते खाली फुटले.

"अहो, काय झालं? तोंड बघा स्वतःचं," बाई म्हणाल्या.

मी सळई त्यांच्या हातात दिली. त्यांनी कान लावला, डोळे बारीक केले, बराच वेळ ऐकलं.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. "गप्प बसवल्यासारखं करतंय."

भोंगा माझ्या हातात आली होती. ती माझ्या दंडावरून ओणवी झाली आणि फुलीकडे बघत राहिली. ओळखीच्या खिडकीतून कुणी हाक मारली की आपण वर बघतो, तशी. फक्त ती खाली बघत होती.

त्यानंतर मी पत्रांची वाट बघायचं सोडून स्वतः तिन्ही कार्यालयांचे उंबरे झिजवले. रस्ते खात्याच्या अभियंत्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "मॅडम, मला कळतंय हो. पण मी उघडला तर कंत्राटदार उद्या हात वर करतो. मग पुढे जे काही होईल ते माझ्या गळ्यात." सांडपाणी खात्यात वाहिनीच्या आत कॅमेरा सोडायची सोय होती. तो सोडायला रस्ते खात्याची परवानगी लागत होती. कुणीही वाईट बोललं नाही. कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येकजण आपल्या हद्दीपर्यंत बरोबर होता.

आणि एका सकाळी रस्ता बशीसारखा खोल झाला.

चष्मेवाल्याची काच तडकली. टेलरबाईंच्या उंबऱ्याला भेग गेली, बोट मावेल अशी. आता मात्र सगळे आले. तिन्ही खात्यांची माणसं एका जागी उभी असलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली. रस्तेवाल्यांनी अडथळे लावले, घोळाची गाडी मागवली. रस्त्याला भोक पाडायचं, त्यातून काँक्रीटचा पातळ घोळ सोडायचा, तो वर येऊन दिसला की बुजवायचं आणि संध्याकाळी रस्ता मोकळा. रस्ता उघडायचा नाही म्हणजे हमी शाबूत. भरणीला परवानगी लागत नाही, उघडायला लागते. म्हणून आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भरतात.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "घोळ थांबणार नाही. तळ वाहिनीत उघडा आहे. निम्मा तिकडे जाईल आणि उरलेला पोकळीच्या डोक्यावर बसेल. वजन वाढेल. आधी पाणी बंद करून खणू या."

साहेबांनी गाडीकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं.

"एक करा," ते म्हणाले. "तुम्ही ऐका. गळतीशिवाय दुसरं काही ऐकू आलं, माती ढासळल्याचं, दगड सरकल्याचं, काहीही, तर मला सांगा. मी माझ्या सहीनं थांबवतो. तुमच्या कानावर थांबवतो."

सगळे गप्प झाले. गाडीचं इंजिनही बंद केलं. मी अडथळा ओलांडून फुलीशी गेले, सळई टेकवली, श्वास रोखला.

शूऽऽ.

आणि त्याच्या खाली, अगदी जवळ, जणू सळईचं दुसरं टोक तिच्याच तोंडाशी होतं:

"आई."

घरी तिनं हा शब्द कधी उच्चारला नव्हता. मी वाट बघत होते त्याची. तो असा असेल, हे मला माहीत नव्हतं. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांबवलेलं आणि शेवटी थोडं वर गेलेलं, प्रश्नासारखं.

"आई?"

"काय ऐकू येतंय?" साहेबांनी विचारलं.

सळई धरणाऱ्याचा एक नियम असतो. कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकजण पाळतो. ऐकलं तेवढंच सांगायचं. खोट्या फुलीवर रस्ता खणला की पुढच्या दहा खऱ्या फुल्यांवर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘दगड सरकतायत’ एवढं म्हटलं असतं तर काम थांबलं असतं. दोन शब्द होते. ऐकू आले नव्हते म्हणून मला ते म्हणता आले नाहीत. आणि ऐकू आलं होतं ते, एवढ्या माणसांसमोर, टोपी घालून, खात्याच्या जाकिटात, कसं म्हणणार होते.

"पाणी," मी म्हटलं.

"पाणी तर आहेच," साहेब म्हणाले. ते जरा थांबले, मी आणखी काही बोलेन म्हणून. त्यांनी खरंच वाट पाहिली. मग त्यांनी हात वर केला.

इंजिन सुरू झालं.

मी कान काढला नाही.

घोळ भोकातून आत जाऊ लागला. खाली पडल्याचा आवाज आला नाही. कशावरच पडल्याचा नाही.

"आई."

गाडी रिकामी झाली. दुसरी मागवली.

आवाज बंद झाला नाही. बंद झाला असता तर मला कळलं असतं की काय झालं. तो लांब गेला. रडणाऱ्या मुलाला कुणी उचलून आतल्या खोलीत घेऊन जावं, तसा. हळूहळू. सांभाळून.

मग शूऽऽ.

संध्याकाळी घोळ भोकाच्या तोंडाशी दिसला. टाळ्या नाही वाजल्या, पण माणसं सुटल्यासारखी हसली. रस्ता मोकळा झाला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, उजाडता उजाडता, टेलरबाईंच्या दुकानासकट रस्त्याचा तुकडा आत गेला. बाई अजून घरून निघायच्या होत्या. मी पोचले तेव्हा त्या अडथळ्याच्या पलीकडे गळ्यात टेप घालून उभ्या होत्या. शिलाई यंत्र, कापायचं टेबल, लोकांचे बेतलेले कपडे, सगळं खाली. "तरी मी टेबलाचा पाय तासला होता," एवढंच त्या म्हणाल्या. अहवालात लिहिलं गेलं: जीवितहानी नाही.

आता रस्ता उघडाच होता, परवानगीचा प्रश्नच उरला नाही. सांधा मी सांगितला होता तिथेच सुटलेला निघाला. सांडपाण्याची वाहिनी कुशीत फुटलेली. आणि एवढा ओतलेला घोळ, त्याचं खड्ड्यात एक ढेकूळही सापडलं नाही. वाहिनीतही नाही, या वेळी कॅमेरा सोडला होता. चौकशी समितीनं जबाबदारी संयुक्त आहे असा निष्कर्ष काढला. संयुक्त म्हणजे काय, ते एकत्र कुटुंबातल्या कुठल्याही सुनेला विचारा. मोरी तुंबली की सगळे म्हणतात, आपली मोरी.

पाइप बदलायच्या दिवशी मी शिडीनं खाली उतरले. खाली थंड होतं, ओल्या मातीचा वास, भिंती हातानं सारवल्यासारख्या गुळगुळीत. मी भोंग्याला हाक मारली. आधी हळू, मग जोरात. एवढ्या मोठ्या पोकळीत आवाज घुमायला हवा होता. वरून मुकादमांनी ‘मॅडम, या आता’ म्हटलं, ते या भिंतीवरून त्या भिंतीवर आपटत माझ्यापर्यंत आलं. माझी हाक परत आली नाही. ती तशीच कुठेतरी निघून गेली.

खड्डा थर देऊन, दाबून, नीट बुजवला. आता तो शहरातला सगळ्यात पक्का रस्ता असेल. टेलरबाई पलीकडच्या गल्लीत बसतात. भेटल्या की भोंग्याच्या फ्रॉकची चौकशी करतात आणि रिळं आता गुणी आहेत असं सांगतात.

भोंगा आता धावते. हातांनी बोलते, भराभर, आणि मी चुकीचं समजले की कपाळावर हात मारून घेते. घसा उत्तम, कान उत्तम. नाव अजून तेच आहे. बदलायचं कुणाला सुचलं नाही. आत्ता ती दुपारची झोपलीये. सासूबाई तिच्याशेजारी पडल्या आहेत, एक हात तिच्या छातीवर ठेवून. असं त्या रोज करतात. श्वास ऐकू येत नाही म्हणून.

त्या रस्त्यावर मी अजून जाते. गळती नाही हे खात्यालाही माहीत आहे, मलाही. जेवणाच्या सुटीत सळई टेकवते. शूऽऽ आता नाही, त्यामुळे नीट ऐकू येतं. खूप खोल आहे, पण नीट. ती तिथे मोठी होतेय. पूर्ण वाक्यं बोलते. ‘हे काय आहे? का? मग पुढे?’ या वयातली मुलं विचारतात तसे प्रश्न, एकामागून एक, न थकता. मधे गप्प बसते, उत्तर येईल म्हणून. येत नाही. मग पुन्हा, ‘सांग ना.’ मी डांबराला तोंड लावून उत्तर देऊन पाहिलं. लोक बघत होते. पोचलं नाही.

ते ऐकणं सगळ्यात वाईट होतं. वाट बघणं.

गेल्या काही दिवसांपासून मात्र तिला कुणीतरी उत्तर देतं. बाईचा आवाज आहे. घाई नाही, चिडचिड नाही. ‘अगं हो, सांगते, थांब जरा,’ म्हणते आणि खरंच सांगते. ती उचकीसकट हसते. मी सुटी संपून गेली तरी ऐकत राहते. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं. एवढ्या खोल एकटी नाही ती. बाईच्या बोलण्यात ‘जरा’ शब्द फार येतो. माझ्यासारखाच.

काल रात्री जेवताना नवऱ्यानं ताट बाजूला सरकवलं आणि माझ्याकडे बघत राहिला.

"तुझं काय बिनसलंय?" तो म्हणाला. "परवापासून बघतोय. काही विचारलं की नुसते ओठ हलवतेस. मोठ्यानं बोल ना."

मी तर त्याला सगळं सविस्तर सांगितलं होतं.